कंपनांचे अर्धसक्रिय नियंत्रण

भिलाईच्या सेक्टर ६मधील एखाद्या घरात झोपाळा झुलत आहे, अशी कल्पना करावी. तो तीन प्रकारांनी थांबतो. कड्यांच्या घर्षणाने तो आपोआप मंदावतो. हे निष्क्रिय नियंत्रण. उलट दिशेने ढकलूनही तो आवरता येतो. हे सक्रिय नियंत्रण. मात्र ढकलण्याची वेळ चुकली, तर झोका उलट वाढतो. तिसरा मार्ग म्हणजे बसणाऱ्याने योग्य क्षणी पाय जमिनीला टेकवणे. घासणारा पाय झोक्यातील ऊर्जा काढून घेतो. तीत भर घालीत नाही. अर्धसक्रिय नियंत्रणाचे तत्त्व हेच होय.

इमारती, पूल आणि धरणेही आपापल्या ठराविक कंप्रतेने डोलतात. भूकंपाच्या हादऱ्यांशी ती जुळली की कंपन वाढत जाते. भिलाईत १९५९पासून तयार होणारे पोलाद भार उत्तम पेलते; परंतु कंपन शोषून घेण्याची त्याची अंगभूत शक्ती अल्प असते. ती बाहेरून पुरवावी लागते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, १०३ मीटर उंचीच्या धरणाला भेगा गेल्या आणि मुंबईची वीजही खंडित झाली. जिला भरपूर वीज लागते अशी नियंत्रणयंत्रणा नेमकी अशाच वेळी निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो.

येथे दाबविद्युत पदार्थ उपयोगी पडतात. क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार प्रकट होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. उलट, अशा स्फटिकाला वीज दिली असता तो किंचित ताणला किंवा आखडला जातो. थरथरणाऱ्या पत्र्यावर अशा पदार्थाची चकती चिकटवली की हालचालीतील काही ऊर्जा विजेत रूपांतरित होते. पत्रा जास्तीत जास्त वाकला की एक स्विच क्षणभर मंडल पूर्ण करतो आणि ती वीज रोधकात उष्णतेच्या रूपाने विरून जाते. बाहेरची वीज लागते ती केवळ स्विच चालविण्यापुरती.

मोठ्या इमारतीला मात्र हा उपाय अपुरा पडतो. कारण या पदार्थांची लांबी साधारणतः हजारात एक भाग एवढीच बदलते. म्हणून संशोधकांनी निराळी योजना आखली. इमारतीच्या तिरप्या आधारांत घर्षणपट्ट्या बसवावयाच्या आणि त्यांवरील दाब दाबविद्युत चकत्यांच्या चळतीने कमीअधिक करावयाचा. वीज गेली, तरी बोल्टांनी आधीच दिलेला दाब कायम राहतो व पट्ट्या साध्या ब्रेकप्रमाणे घासत राहतात. नियंत्रणातील बारकावा तेवढा जातो; संरक्षण सर्वस्वी जात नाही.