संत्र्याला थंडावा, मालकाला सवड
मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशीम) परिसरातील फळबागायतदारांसाठी



बहार तोडणीला आला की आपल्याकडे एकच घाई उडते. सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात जातो, गाड्यांची रांग लागते आणि भाव खाली येतो. ही कटकट नको म्हणून बरेच जण झाडावरचा माल उक्ता देऊन मोकळे होतात. इसार हातात पडतो, पण पुढची कमाई दुसऱ्याची होते.

मेडशीच्या बैठकीत एका बागायतदाराने विचारले, "साहेब, इथं कोल्ड स्टोरेज झालं तर आमचा संत्रा दुप्पट भावानं जाईल का हो?" प्रश्न रास्त आहे. शीतगृह भाव वाढवत नाही, ते तुम्हाला थांबायला सवड देते. त्या सवडीचे पैसे होतात की नाही, हे फळ कसे आहे आणि हिशेब कसा केला आहे यावर ठरते.

शीतगृहात नेमके काय होते?

तोडलेले फळ जिवंत असते. ते श्वास घेते, आतली साखर आणि आंबटपणा खर्च करते, सालीतून पाणी गमावते. उष्णता १० अंशांनी वाढली की हा खर्च साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. थंडीत तो मंदावतो, बुरशीही हळू वाढते.

नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश सेल्सियस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. चांगले निवडलेले फळ अशा ठिकाणी महिना ते दीड महिना टिकते. पण जितकी जास्त थंडी तितके बरे, असे समजू नका. फार थंडीत सालीवर डाग पडतात आणि बाहेर काढल्यावर फळ लवकर सडते.

प्रत्येक फळाची थंडी वेगळी असते. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपास लागते, तर आंबा आणि केळी यांना सुमारे १३ अंश. म्हणून सगळी फळे एकाच खोलीत कोंबू नयेत. पिकणाऱ्या केळीतून निघणारा वायू शेजारच्या फळाचेही आयुष्य कमी करतो.

आधी हिशेब, मग साठवण

समजा, तुमच्याकडे २० क्विंटल संत्रा आहे आणि आज किलोला २५ रुपये भाव आहे. म्हणजे आज विकला तर ५०,००० रुपये. तो महिनाभर ठेवायचा आहे. पुढील आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुम्ही आपले खरे आकडे घाला.

- भाडे, किलोला २ रुपये : ४,००० रुपये
- वाहतूक आणि हमाली, किलोला १ रुपया : २,००० रुपये
- अडकलेल्या पैशावर महिन्याचे व्याज : ५०० रुपये
- सड आणि वजनातील घट, ८ टक्के : १६० किलो

विकायला उरला १,८४० किलो माल, आणि त्यातून ५६,५०० रुपये निघाले तरच बरोबरी. म्हणजे भाव ३० रुपये ७१ पैशांच्या वर गेला पाहिजे. ३५ रुपये मिळाले तर ७,९०० रुपये फायदा. २८ रुपयेच मिळाले तर साधारण ५,००० रुपये पदरचे गेले! भाव तीन रुपयांनी चढूनही तोटा झाला, हे ध्यानात घ्या.

आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो. तेव्हा हवा थंड होऊ लागलेली असते. मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिलात येतो, ऊन तापत जाते आणि फळ भराभर उतरते. त्या वेळी थंडाव्याचा उपयोग अधिक.

आणखी एक गोष्ट. बांगलादेश हे आपल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने आयातशुल्क वाढवत नेले. २०२३ मध्ये ते किलोला ८८ रुपयांवर गेले, आणि तिकडे जाणारा माल इथल्याच बाजारात उतरला. अशा लांबलेल्या मंदीवर शीतगृह हे औषध नव्हे. ते चार-सहा आठवड्यांच्या गर्दीवरचे औषध आहे.

फायदा तोडणीपासून सुरू होतो

आजारी फळ थंडीत बरे होत नाही. म्हणून,

१. दव किंवा पाऊस अंगावर असताना तोडणी करू नका.
२. फळ ओढू नका. कात्रीने, सालीलगत लहान देठ ठेवून कापा. ओढल्याने देठाजवळ जखम होते आणि तिथून सड सुरू होते.
३. खाली पडलेले, खरचटलेले, माशीने डंखलेले फळ वेगळे काढा.
४. माल सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी थंडीत पोचवा.
५. ट्रकात सुटा माल ओतू नका. प्लॅस्टिकचे क्रेट वापरा, आणि ते काठोकाठ भरू नका.

घरच्या घरी थंड कोठी

थोडा माल चार दिवस ठेवायचा असेल तर विजेशिवाय चालणारा 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' बांधा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो विकसित केला. सावलीत विटांच्या दोन भिंती उभ्या करायच्या, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट ठेवून नदीची वाळू भरायची, वर बांबू-गवताचे झाकण ठेवायचे. सकाळ-संध्याकाळ वाळू आणि विटा भिजवायच्या. साधारण १०० किलो माल मावतो. कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच थंड राहते. पावसाळ्यात गुण कमी येतो.

एकट्याने नको, मिळून करा

शीतगृहाला वीजबिल, जनरेटर आणि जाणकार माणूस लागतो. खोली रिकामी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये 'महाग्रेप' उभी केली, द्राक्षे तोडल्याबरोबर थंड करण्याची सोय केली आणि माल युरोपात पाठवला. त्यांनी थंडीबरोबर गिऱ्हाईकही बांधले, हे विसरू नका.

गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून शीतगृहाच्या मंजूर खर्चावर ३५ टक्के अनुदान मिळू शकते. त्यासाठी बँकेचे कर्ज असावे लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. अटी बदलत असतात. एक वीटही रचण्याआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करा.

सोयाबीन, तूर, हळद गोदामात ठेवून बाजार समितीकडून तारण कर्ज घेता येते. ताज्या संत्र्याला ती सोय नाही. म्हणून मजुरी आणि घरखर्चाला लागेल तेवढा माल आधी विका, उरलेलाच ठेवा. सगळा माल एका भावावर टांगून ठेवू नका.

लक्षात ठेवा : फळ निरोगी, तोडणी जपून, थंडी नेमकी, हिशेब आधी, गिऱ्हाईक ठरलेले. या पाच गोष्टी जुळल्या तरच कुलूप लावा. नाहीतर आजचा भाव घ्या आणि सुखाने घरी जा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी