काठीसुद्धा न घेता

मध्यंतरी आठवीच्या वर्गात ‘चले जाव’ चळवळ शिकवत होते. वडूजचा गोळीबार सांगून झाला आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “बाई, माणसं काठीसुद्धा न घेता गेली नि गोळ्या खाऊन मेली. मग उपयोग काय झाला?”

घंटा झाली म्हणून मी वाचले! पण घरी येऊन कुकर लावताना, भाजी निवडताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. तुम्हाला कुणी विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं तुम्ही?

मी आधी 1930 सालापाशी गेले. गांधीजींनी 6 एप्रिलला दांडीला मीठ उचललं. आता आपल्याकडे समुद्र कुठला? तेव्हा आपला बराचसा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचंच पुढे सांगली झालं. इथल्या लोकांनी मिठाऐवजी जंगल धरलं. सरकारी जंगलातलं गवत, लाकूड तोडायला बंदी होती. ही बंदी खरी कुणाला जाचत होती? सरपण आणणारीला, म्हशीला वैरण टाकणारीला! शिराळ्याकडच्या बिळाशी गावानं जंगलातला साग तोडून आणला, देवळापुढे उभा केला आणि त्यावर तिरंगा लावला. झेंड्याच्या राखणीला बायाही पुढे होत्या. सरकारनं बंदुका आणल्या, माणसं गेली, कित्येक तुरुंगात पडली. पण गवत कापायला का बंदूक चालवता यावी लागते? विळा तर प्रत्येकीच्या घरात होता. कायदा मोडायचा, पण कुणावर हात उगारायचा नाही, आणि शिक्षा उघडपणे भोगायची, एवढीच अट.

आता वडूज. 1942च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. 3 सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला, रक्त न सांडता. 9 सप्टेंबरला वडूजला मात्र गोळ्या सुटल्या. वडगावचे परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन पुढे होते, ते पडले. तिथले हुतात्मे नऊ. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार. तिथे पडलेले उमाशंकर पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनियर, तर विष्णू भाऊ बारपटे इथल्याच मातीतले. एक आडनाव गुजराती, एक मराठी. जिल्ह्यात जातीपातींची उतरंड केवढी, पण मोर्चात सगळे एका रांगेत.

त्यानंतर तरुणांचा धीर सुटला, हे खरंच आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आलं, बंदुका आल्या, फितुरांना ‘पत्री’ लावणं आलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. गोळीला छाती देऊन बघितल्यावर वेगळा विचार करणाऱ्यांना आपण घरात बसून काय शिकवायचं? पण एक बघा. बंदूक घेऊन डोंगरात राहायला जातं कोण? धडधाकट तरुण, तेही मोजकेच. आणि त्यांना जगवलं कुणी? आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, “रातच्याला दारावर टिचकी वाजली की आई चूल पेटवायची. कोण आलंय इचारायचं न्हाई. भाकरी थापायची.” नाव कुठल्या पुस्तकात नाही हो त्या माउलीचं!

त्याच प्रतिसरकारचं दुसरं अंग मला जास्त मोलाचं वाटतं. गावचे तंटे गावातच मिटवणारी न्यायदान मंडळं, दारूबंदी, आणि हुंडा-मानपान-कर्ज टाळून थोडक्यात लावलेली ‘गांधी लग्नं’. सरकारचं कोर्टच नको म्हटल्यावर सरकार उरतं कशात? मुलीच्या बापाला लग्नापायी सावकाराकडे जावं लागलं नाही, हा बदल बंदुकीनं होणारा नव्हता.

अलीकडे दोन अमेरिकन अभ्यासकांनी, एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी, 1900 ते 2006 या काळातले जगभरातले मोठे लढे तपासले. निःशस्त्र लढ्यांपैकी निम्म्याहून अधिक यशस्वी झाले, शस्त्र घेतलेल्यांपैकी जेमतेम पाव. त्यांचं कारण सोपं आहे: निःशस्त्र लढ्यात म्हातारी, लेकुरवाळी, सगळ्यांना उतरता येतं, आणि एवढ्यांना सरकार तरी किती दिवस आत टाकणार?

याचा आपल्याकडचा दाखला म्हणजे वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी. 1944 साली धुळ्याच्या खजिना लुटीत गोळी लागलेले, त्याच वर्षी सातारच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळालेले अण्णा! तेच अण्णा 1993 साली आटपाडीला पाणी परिषद भरवतात. सातारा, सांगली, सोलापुरातले तेरा दुष्काळी तालुके. सोबत सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर. मागणी अशी की पाणी समान वाटा, ज्याला जमीन नाही त्यालासुद्धा. बाप रे, केवढी मोठी गोष्ट! धनगर, मराठा, दलित, भूमिहीन, सगळ्यांचा वाटा धरल्यावर सगळेच येणार. मोर्चे, ठिय्ये, आणि वर्षानुवर्षं पुन्हा परिषद. टेंभूचं पाणी आटपाडीत पोचायला कितीतरी वर्षं गेली, आणि समान वाटपाचं म्हणाल तर भांडण अजून संपलेलं नाही. कंटाळवाणं काम आहे हे, रोजच्या भांड्यांसारखं. त्यात कुणाची मिरवणूक निघत नाही. अण्णा 2012 साली गेले.

हे सगळं मी वर्गात दोन तास घेऊन सांगितलं. परीक्षेला नाही, हेही सांगून टाकलं. ती मुलगी ऐकत होती. मग हळूच म्हणाली, “बाई, माझी आजी माणदेशातली. ती जायची आटपाडीला, भाकरी बांधून घेऊन.”

आजीला विचारून सगळं वहीत लिहून आण, असं तिला सांगितलंय. वही अजून आलेली नाही.