डायलिसिसचा पहिला अर्धा तास

डायलिसिसला जाणारा माणूस आता आपल्या वस्तीला नवा राहिलेला नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, चार-चार तास. मशीन सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास छाती भरून येते, पाठ दुखते, मग आपोआप बरे वाटते, असे काही रुग्ण सांगतात. घरचे म्हणतात, घाबरला असेल. आम्हाला वाटते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

मशीनला जी पारदर्शक नळकांडी लावतात, तिला तिथली माणसे 'किडनी'च म्हणतात. तिच्यात केसासारख्या सुमारे दहा हजार पोकळ नळ्या असतात. नळीची भिंत म्हणजे एक पातळ पडदा. युरिया, क्रिएटिनिन त्यातून पलीकडे जातात. रक्तातली प्रथिने मोठी असल्यामुळे आतच राहतात.

सुरुवातीच्या काळातला असा पडदा अगदी साधा होता. 1943 साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, डॉ. विलेम कोल्फ यांनी लाकडी ड्रमभोवती सेलोफेनची लांब नळी गुंडाळून रुग्णाचे रक्त त्यातून फिरवले. सॉसेज भरायला वापरतात तीच नळी. सेलोफेन म्हणजे सेल्युलोज. लाकडात आणि कापसात असते तेच. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. 1945 मध्ये एक वृद्ध बाई वाचली आणि मार्ग सापडला.

पुढे कापसापासून केलेले पडदे वर्षानुवर्षे चालले. पण रक्त त्यांना परके समजत होते. रक्त कोणत्याही पडद्याला लागले की काही सेकंदांत त्यावर प्रथिनांचा थर बसतो. अल्ब्युमिन रक्तात सर्वांत जास्त, म्हणून आधी ते चिकटते; ते निरुपद्रवी आहे. मग त्याला बाजूला सारून फायब्रिनोजेनसारखी प्रथिने जागा घेतात. फायब्रिनोजेनला रक्तातल्या प्लेटलेट चिकटतात आणि गुठळीची तयारी होते. म्हणून तर हेपारिन देतात. (त्या दिवशी दात काढायला जाऊ नये, तेही याचसाठी.)

दुसरी गोष्ट अधिक त्रासाची. सेल्युलोजच्या प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. जंतूंशी लढणाऱ्या 'कॉम्प्लिमेंट' प्रथिनांपैकी सी-3 नावाचे प्रथिन त्यांना जाऊन चिकटते आणि शत्रू आल्याची हाकाटी होते. पांढऱ्या पेशी फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत रक्तातली त्यांची संख्या एकदम खाली येते, नंतर पुन्हा वर चढते. काहींना दम लागतो तो यामुळेही.

उपाय पडद्यातच निघाला. त्या हायड्रॉक्सिल गटांवर अ‍ॅसिटिल गट बसवून सेल्युलोज अ‍ॅसिटेट केले. सी-3 ला धरायला जागा उरली नाही, हाकाटी कमी झाली. आज बहुतेक ठिकाणी पॉलिसल्फोनसारखे कृत्रिम पडदे आहेत, त्यांच्यावर हा त्रास आणखी कमी. कमी, पण शून्य नव्हे.

आपल्याकडे तीच किडनी धुऊन त्याच रुग्णाला पुन्हा लावतात. गंमत अशी, की जुन्या सेल्युलोजच्या पडद्यावर दुसऱ्या वेळी त्रास कमी व्हायचा, कारण रुग्णाच्याच प्रथिनांचा थर त्यावर राहिलेला असे. ब्लीचने धुतल्यास तो थर निघून जाई. आता धुण्यातली खरी काळजी वेगळी: जंतुनाशक आत राहिले तर तेही छातीत दुखण्याचे, अंगाची आग होण्याचे कारण होते.

म्हणून सुरू होताच दम लागला, खाज सुटली, पाठ किंवा छाती दुखली, तर 'थोड्या वेळाने बरे वाटेल' म्हणून गप्प बसू नये. सिस्टरना लगेच हाक मारावी. कारण पडदा आहे, जंतुनाशक आहे की हृदय, हे डॉक्टरांनी ठरवायचे. या भीतीने डायलिसिस चुकवणे मात्र त्याहून घातक. आणि किडनी लावण्याआधी तिच्यावरच्या चिठ्ठीवर आपलेच नाव आहे ना, हे स्वतः वाचावे. मावशींना वाचता येत नसेल, तर सोबत गेलेल्याने वाचून दाखवावे.