एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील छायाचित्रण वर्ग

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील छायाचित्रण वर्ग हा मुंबईत इ.स. १८५५ मध्ये सुरू झालेला, भारतातील अगदी आरंभीच्या छायाचित्रण वर्गांपैकी एक होय. दागेरची कृती पॅरिसमध्ये जाहीर होऊन (१८३९) तेव्हा १६ वर्षेच झाली होती. शिक्षणाची गरज त्या काळी रूढ होत असलेल्या 'ओल्या काचे'च्या कृतीवरून कळते. काचेवर कोलोडियनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत आणि थर ओला असेतो चित्र टिपून अंधाऱ्या खोलीत प्रकट करीत. उष्ण हवेत थर लवकर सुके. त्यामुळे हे काम हौसेपेक्षा रसायनशास्त्राच्या शिस्तीचे अधिक होते. येथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील आरंभीचे भारतीय व्यावसायिक छायाचित्रकार ठरले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडली गेली.