पाठीवरून चालणारं शहर

चिवड्याचे पोहे, लाडवाचं बेसन, करंजीचं खोबरं दिवाळीत आपल्या घरी पोचतं, तेव्हा ते किती जणांच्या पाठीवरून आलेलं असतं! बिलात त्याची नोंद फार तर ‘हमाली’ या एका ओळीत सापडते. ट्रक शहरापर्यंत येतो. दुकानापर्यंत माल माणूसच नेतो.

मुंबईत हे काम बंदरासोबत वाढलं. प्रिन्सेस डॉक 1880 मध्ये, व्हिक्टोरिया डॉक 1888 मध्ये सुरू झाला. गोदीतला आणि रेल्वेचा माल मशीद बंदर, दाणाबंदरच्या गोदामांत साठायचा, तिथून हातगाडीवर काळबादेवी-भुलेश्वरच्या गल्ल्यांत शिरायचा. तिथे आजही हातगाडीच चालते. गल्लीत टेम्पो वळत नाही आणि दिवसाच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना दक्षिण मुंबईत बंदी असते.

गोणी उचलणं हे कसबी काम आहे. ट्रकमध्ये उभे असलेले दोघे हातातले आकडे गोणीत रुतवून ती फाळक्याच्या कडेला आणतात. खाली तिसरा वाकून पाठ देतो. गोणीचा भार मान आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध बसला, तरच पाय पुढे पडतात. जरा सरकला तर कंबर गेली. त्याच स्थितीत फळीवरून चढून थप्पी लावायची. एके काळी गोणी सर्रास शंभर किलोची असे. ती पन्नास किलोवर यावी म्हणून हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

हे बहुतेक जण साताऱ्याच्या जावळी-पाटणचे, पुण्याच्या जुन्नर-आंबेगावचे. शेती कोरडवाहू, म्हणून मुंबईला आलेले. त्यांना मालक असा एक नव्हताच. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. मग आजारपणाची रजा कोणाकडे मागायची, फंड कोणी भरायचा? पाटण तालुक्यातूनच आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना संघटित केलं आणि त्या लढ्यातून 1969 चा माथाडी (म्हणजे माल वाहणाऱ्या हमाली कामगारांचा) कायदा आला. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत याच प्रश्नावर लढत होती.

कायद्यातली युक्ती साधी, पण फार मोलाची आहे. व्यापारी आणि कामगार दोघांनीही कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे नोंदणी करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगारांच्या टोळीचा पगार करतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार पाहतं. मालक रोज बदलला तरी कामगाराचं खातं एकच राहतं. पुढे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत वाशी-तुर्भ्याला गेले, तरी माथाडी त्यांच्यामागे मंडळाच्या नोंदीसह गेला. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या बोगस संघटनाही उभ्या राहिल्या. त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा, पण त्यासाठी मंडळ मोडायचं कारण नाही.

आता शहरातला माल आणखी एका वाटेने फिरतो. मोबाइलवर मागवलेलं किराणा सामान वस्तीजवळच्या छोट्या गोदामात निवडून, पिशवीत भरून काही मिनिटांत दुचाकीवर निघतं. पाठीवर गोणीऐवजी मोठी बॅग आलेली असते. डिलिव्हरी करणाऱ्या या मुलाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, अपघातात मोडलेला हातही त्याचाच. 1969 पूर्वीच्या हमालाचाच प्रश्न आज त्याच्यापुढे आहे, फक्त मालक ॲपच्या मागे दडलेला आहे.

केंद्राच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के अंशदान घेण्याची तरतूद आहे. राजस्थानने 2023 मध्ये अशा कामगारांसाठी मंडळ आणि शुल्काचा कायदा केला. त्यातली कल्पना आपल्या माथाडी मंडळाच्या अगदी जवळची आहे. ज्या महाराष्ट्राने ही वाट आधी पाडली, त्याने प्रत्येक ऑर्डरमागे लेव्ही घेणारं, या मुलांची एकत्र नोंद ठेवणारं सक्षम मंडळ उभारावं. आणि दिवाळीच्या गर्दीत दारात पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला, वाचकहो, उशीर झाला म्हणून बोल लावू नका.