पितळी बिल्ला आणि तासाभराचं टोकन

पूर्वी बँकेत चेक दिला की कारकून पितळी टोकन हातावर ठेवायचा. नंबर पुकारला की टोकन परत करायचं आणि पैसे मोजून घ्यायचे. ज्याच्या हाती टोकन, त्याचे पैसे. आज आमचे प्रोग्राम क्लाउडकडून जे ‘ॲक्सेस टोकन’ मागून घेतात, त्याची जात हीच. फरक एवढाच की हा बिल्ला तासाभरात बाद होतो. हे सुचायला आमच्या धंद्याला बरीच वर्षं लागली.

आधी सरळ पासवर्डच पाठवला जायचा. 1996 साली एचटीटीपी 1.0चा दस्तऐवज आला, त्यातच ‘बेसिक’ पद्धत होती: नाव आणि पासवर्ड मध्ये अपूर्णविराम (:) घालून जोडायचे, बेस-64मध्ये फिरवायचे आणि प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये टाकायचे. बेस-64 म्हणजे कुलूप नव्हे, नुसती लिपी बदलणं. तरी आम्ही ते निर्धास्तपणे वापरलं. 2006-07च्या सुमारास तर एखादी नवी साइट ‘तुमचे मित्र शोधून देतो’ म्हणत तुमच्या मेलचा पासवर्ड मागायची आणि लोक तो देऊनही टाकायचे. काम वहीतले पत्ते बघण्याचं, पण हाती जायची सगळ्या घराची किल्ली.

फ्लिकर, याहू, गूगल यांनी यावर आपापले तोडगे काढले होते, पण प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. ट्विटरमध्ये काम करणारे ब्लेन कुक आणि त्यांचे सहकारी 2006च्या अखेरीस याच कोड्यापाशी अडले. त्यातून 2007 साली ओऑथ या सामाईक मानकाची पहिली आवृत्ती निघाली. 2009मध्ये तिच्यात एक भोक सापडलं, ते दोनेक महिन्यांत बुजवलं गेलं. ऑगस्ट 2010च्या शेवटी ट्विटरने आपल्या एपीआयवरची बेसिक पद्धत बंद केली आणि असंख्य छोटी ॲप्स एका रात्रीत मुकी झाली.

पहिली आवृत्ती पक्की होती, पण छळवादी. प्रत्येक विनंतीवर सही करायची. त्यासाठी सगळे घटक वर्णानुक्रमे लावायचे, विशिष्ट रीतीने एन्कोड करायचे आणि मग हॅश काढायचा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की सही चुकली. ऑक्टोबर 2012मध्ये आलेल्या ओऑथ 2.0ने ही सही बाजूला ठेवली आणि बेअरर टोकन, म्हणजे ज्याच्या हाती त्याचं टोकन, पुढे केलं. वाटेतल्या चोरीची काळजी टीएलएसवर सोपवली. त्याच्या मसुद्याचे प्रमुख संपादक एरन हॅमर यांनी त्याआधीच राजीनामा देऊन दस्तऐवजावरून आपलं नावही काढायला लावलं होतं. माझ्या मते त्यांची तक्रार बऱ्याच अंशी खरी होती: मानक फार सैल झालं होतं. पण वापरायला सोपं होतं म्हणून तेच जगभर रुजलं.

हे सोपेपण कसं, तर टोकनच्या पत्त्यावर एक पोस्ट विनंती करायची. तिच्यात ग्रँट-टाइप ‘क्लायंट क्रेडेन्शियल्स’, क्लायंट आयडी आणि सीक्रेट. उत्तरात टोकन येतं आणि शेजारी ‘एक्स्पायर्स-इन: 3600’ अशी सेकंदांची मुदत. मजकूर मात्र वेब-फॉर्मच्या घाटात लागतो. एकदा एका ग्राहकाचं सीक्रेट बदललं आणि त्या रात्री सगळे जॉब पडले. पत्ता बरोबर, सीक्रेट बरोबर, उत्तर मात्र 401, ‘इनव्हॅलिड क्लायंट’. पहाटेपर्यंत मी तेच तेच तपासत बसलो होतो. नव्या सीक्रेटमध्ये अधिकचं चिन्ह होतं, आणि फॉर्मच्या घाटात अधिकचं चिन्ह म्हणजे रिकामी जागा. जुन्या सीक्रेटमध्ये ते चिन्ह नव्हतं, म्हणून तोच चुकीचा कोड दोन वर्षं सुरळीत चालला होता.

खरं दुखणं मात्र पुढेच होतं. टोकन तासाभराचं, पण ते मागायचं सीक्रेट कुठे ठेवायचं? कॉन्फिग फाइलमध्ये. फाइल कुठे? गिटमध्ये. म्हणजे पासवर्ड गेला आणि त्याच्या जागी त्याचाच भाऊ येऊन बसला.

यावरची युक्ती ॲमेझॉनने 2012मध्ये आपल्या ईसी-2 या क्लाउडमधल्या यंत्रांना दिली. यंत्राने सीक्रेट जपायचंच नाही, 169.254.169.254 या पत्त्यावर विचारायचं. हा पत्ता फक्त त्या यंत्राच्या आतूनच लागतो आणि तिथून तात्पुरत्या चाव्या मिळतात. ‘तू कोण’ हे क्लाउडला आधीच ठाऊक असतं, कारण यंत्र त्यानेच उभं केलेलं असतं. मायक्रोसॉफ्टने 2017मध्ये अझूरवर हीच कल्पना आणली. तिथे त्याच पत्त्यावर गेट विनंती केली की ओऑथचं टोकन मिळतं.

पण आतून विचारतंय कोण? 2019मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेत एका चुकीच्या मांडणीच्या फायरवॉललाच फसवून बाहेरच्या व्यक्तीने हा आतला पत्ता विचारायला लावला. अमेरिकेतल्या सुमारे 10 कोटी आणि कॅनडातल्या सुमारे 60 लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने या पत्त्यावरच्या मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात आधी पुट विनंती करून जास्तीत जास्त सहा तासांचं टोकन घ्यायचं आणि मगच पुढचं विचारायचं. अझूर ‘मेटाडेटा: ट्रू’ आणि गूगल ‘मेटाडेटा-फ्लेवर: गूगल’ असा हेडर मागतात तो याच कारणाने. फसवून पाठवलेल्या विनंतीला स्वतःचा हेडर जोडणं सहसा जमत नाही.

ईसी-2वर या सेवेची पहिली आवृत्ती मात्र जिथे बंद केलेली नाही, तिथे अजून उत्तर देते. तुमच्याकडे जुनी यंत्रं असतील तर ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये ‘मेटाडेटा-नो-टोकन’ हा आकडा आठवडाभर पाहा. तो शून्यावर राहिला, की ती आवृत्ती बंद करून टाका.