कप्तान कोणाला म्हणायचं? टीम लीडरबद्दलचे पाच गैरसमज

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर वसीम जाफरने विजयी फटका मारला आणि विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ या स्पर्धेत खेळत होता. पहिल्या करंडकासाठी साठ वर्षं थांबावं लागलं. त्यानंतर मात्र पुढच्याच मोसमात दुसरा आला आणि २०२५ मध्ये तिसरा.

नागपुरात या विजयांबद्दल बोलताना धावा आणि विकेटा निघतात, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कारखान्यात, बँकेत, बचत गटात, गणेश मंडळात रोज कोणी ना कोणी पहिल्यांदा टीम लीडर होतो. काम त्याला येत असतं. माणसं कशी सांभाळायची, याबद्दल मात्र त्याच्या डोक्यात ऐकीव समजुती भरलेल्या असतात. त्यांतल्या पाच समजुती विदर्भाच्या या संघाच्या हकिकतीवर घासून पाहू.

गैरसमज १ : ज्याचं नाव सर्वांत मोठं, त्यालाच कप्तान करावं.

वस्तुस्थिती : २०१७-१८ च्या संघात नाव सर्वांत मोठं होतं ते वसीम जाफरचं. ३१ कसोटी सामन्यांचा अनुभव त्याच्या गाठीशी होता आणि मुंबईला कप्तान म्हणून त्याने रणजी करंडक जिंकून दिला होता. कप्तान मात्र होता नागपूरचा फैज फझल. भारताकडून तो एकच एकदिवसीय सामना खेळला होता. जून २०१६ मध्ये हरारेत त्याने नाबाद ५५ धावा केल्या, पण पुन्हा बोलावणं आलं नाही. २००३ पासून प्रथमश्रेणी क्रिकेट खेळणाऱ्या या माणसाने ते दुःख उगाळत न बसता २०१७-१८ च्या मोसमात ९१२ धावा काढल्या.

आपल्याहून मोठा माणूस हाताखाली आला की पुष्कळ लीडर बिथरतात. त्याला बैठकीला बोलवत नाहीत किंवा त्याचं म्हणणं मुद्दाम खोडून काढतात. विदर्भाच्या संघात जाफर पुढच्या मोसमातही होता आणि चाळिसाव्या वर्षी त्याने १०३७ धावा केल्या. मोठ्या माणसाला मोठं राहू देणं ज्याला जमतं, त्याच्या टीमला अनुभव आयता मिळतो. त्यासाठी लीडरला स्वतःच्या जागेबद्दल खात्री असावी लागते.

गैरसमज २ : मोक्याचं काम लीडरने स्वतः करावं, नाहीतर सर्वांत अनुभवी माणसाकडे द्यावं.

वस्तुस्थिती : २१ डिसेंबर २०१७ ची सकाळ, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, उपांत्य सामन्याचा शेवटचा दिवस. कर्नाटकापुढे लक्ष्य १९८ धावांचं. आदल्या दिवशी ७ बाद १११ झाल्या होत्या, म्हणजे हव्या होत्या आणखी ८७. संघात भारताकडून खेळणारा उमेश यादव होता, पण सामन्याचा निकाल लागला तो रजनीश गुरबाणीच्या हातून. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेल्या या पोराचा रणजीतला तो दुसराच मोसम. कर्नाटकाचे तळाचे फलंदाज चिकटले. धावा कमी कमी होत लक्ष्य अवघ्या सहा धावांवर आलं. अशा वेळी नव्या पोराच्या हातातला चेंडू काढून घेण्याचा मोह कोणालाही होतो. उरलेले तिन्ही गडी गुरबाणीनेच घेतले. डावात ६८ धावांत ७ बळी आणि विदर्भ पाच धावांनी विजयी.

अंतिम सामन्यात उमेश नव्हता. तिथे अकोल्याच्या आदित्य ठाकरेने चक्क रणजीच्या अंतिम सामन्यातच प्रथमश्रेणी पदार्पण केलं आणि गुरबाणीने हॅट्‌ट्रिक घेतली.

उमेशवरही एकदा कोणीतरी असाच विश्वास टाकला होता. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा टेनिस बॉलवर खेळत मोठा झाला. पोलीस भरतीत थोडक्यात हुकला. विदर्भाचा तेव्हाचा कप्तान प्रीतम गंधे याने त्याचा वेग हेरला, त्याच्यासाठी शब्द टाकला आणि २००८ मध्ये उमेश रणजी खेळला. जबाबदारी सोपवल्याशिवाय माणूस तयार होत नाही. ‘आधी तयार हो, मग देतो’ म्हणणाऱ्याच्या टीममध्ये कोणीच तयार होत नाही.

गैरसमज ३ : धाक असेल तरच टीम सरळ चालते आणि चुका कमी होतात.

वस्तुस्थिती : धाकाने चुका कमी होत नाहीत, कानावर येणाऱ्या चुका कमी होतात. अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधं देण्यातल्या चुका कमी असतील, अशी तिची अटकळ होती. आकडे उलटे निघाले. चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या. खोलात गेल्यावर कारण उमगलं : तिथली माणसं चूक लपवत नव्हती, बोलत होती. अशा मोकळेपणाला पुढे मानसिक सुरक्षितता हे नाव रूढ झालं.

मी हे हिंगण्याच्या एमआयडीसीत, एका कारखान्यात स्वतः पाहिलं. मी नवा सुपरवायझर होतो. काही बिघडलं की आमच्या साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला : “शिफ्ट कोणाची होती?” एका फिटरने मला हळूच सांगितलं, “भाऊ, कन्व्हेअरची बेअरिंग वाजून राहिली. पण माझं नाव सांगू नका.” मीही लॉगबुकात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर खाली सही माझी आली असती. तीन आठवड्यांनी शाफ्ट तुटला आणि लाईन दोन दिवस बंद पडली. ती चूक माझीसुद्धा होती आणि मला ती अजून बोचते. पुढे दुसरे साहेब आले. त्यांचा प्रश्न वेगळा असायचा : “आवाज कधीपासून येतोय?” महिनाभरात लॉगबुकाची पानं भरू लागली आणि लाईन बंद पडणं कमी झालं.

शिस्त आणि धाक यांत गल्लत करू नये. विदर्भाच्या पहिल्या दोन विजयांचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित कडक शिस्तीसाठी ओळखले जातात. सरावाला वेळेवर या, नेमून दिलेलं काम पूर्ण करा, ही शिस्त. चूक सांगितली तर माझं काही खरं नाही असं वाटणं, हा धाक.

चूक झाल्यावर टीम कशी वागते, यावरून तिचा कस कळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये जामठ्याला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाची ३ बाद २४ अशी अवस्था होती. पहिलाच रणजी मोसम खेळणारा दानिश मालेवार आणि भारताकडून खेळलेला करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली आणि नेमका करुण ८६ वर असताना दोघांच्या गोंधळात धावबाद झाला. शतक हुकलं. कडू व्हायला एवढं पुरे असतं. दुसऱ्या डावात विदर्भ पुन्हा अडचणीत, २ बाद ७. पुन्हा तेच दोघे मैदानात आणि पुन्हा १८२ धावांची भागीदारी. या वेळी करुणने १३५ केल्या.

गैरसमज ४ : हरलेला लीडर लगेच बदलावा.

वस्तुस्थिती : मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भ मुंबईकडून अंतिम सामना १६९ धावांनी हरला. लक्ष्य ५३८ धावांचं, म्हणजे जवळजवळ अशक्य. तरी कप्तान अक्षय वाडकर १०२ धावा करून गेला आणि हर्ष दुबेने ६५ धावांची साथ दिली. विदर्भाने कप्तान बदलला नाही. पुढच्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम ठरला. २ मार्च २०२५ ला पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला आणि तो वाडकरनेच उचलला.

पंडितांची गोष्टही अशीच आहे. १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशचे कप्तान म्हणून ते बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर अंतिम सामना हरले. जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर, त्याच मध्य प्रदेशला त्यांनी प्रशिक्षक म्हणून जिंकून दिलं. हरल्यावर लीडरबद्दल विचारायचा प्रश्न हा : शेवटच्या दिवशी तो टीमसोबत उभा होता, की सबबी शोधत होता?

गैरसमज ५ : लीडर जन्मावा लागतो.

वस्तुस्थिती : इंदूरच्या त्या अंतिम सामन्याचा धावफलक पुन्हा पाहा. विदर्भाच्या ५४७ धावांत सर्वाधिक १३३ धावा आहेत अक्षय वाडकरच्या. त्याच मोसमात पदार्पण केलेल्या या यष्टीरक्षकाचं ते पहिलंच प्रथमश्रेणी शतक. तेव्हा तो कप्तान नव्हता. फझलच्या हाताखाली खेळत होता, यष्टींमागून सगळं पाहत होता. सात वर्षांनी करंडक उचलणारा कप्तान याच संघात घडला. विदर्भाकडून २०१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा आदित्य सरवटे २०२५ मध्ये केरळकडून खेळला आणि त्याने विदर्भाला ७९ धावांची झुंज दिली. घडलेला माणूस दुसऱ्या घरी गेला तरी घडलेलाच राहतो.

लीडर चांगला होता की नाही, हे म्हणूनच तो खुर्चीवर असताना पुरतं कळत नाही. फझलने फेब्रुवारी २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. तिसरा करंडक त्याच्यानंतर आला.

बेअरिंगचा आवाज ऐकणारा तो फिटर पुढे शिफ्ट इनचार्ज झाला. मी कारखाना सोडण्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच्याकडे एक शिकाऊ पोरगा घाबरत घाबरत आला आणि मशीन गरम होतंय म्हणाला. त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, “कधीपासून?”